क्रॅशची नोंदच उरत नसेल तर: डंप दुरुस्त करायचा, ताण द्यायचा की भाग बदलायचे?

संगणक मध्येच बंद पडतो. पुन्हा सुरू केल्यावर मिनीडंप फोल्डर (क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं याची प्रत, म्हणजे 'डंप', जिथे जतन होते) रिकामा दिसतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, एकच लाल नोंद असते: कर्नल-पॉवर 41. तिच्यातला 'पॉवर' हा शब्द वाचून बरेच जण थेट नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) घेतात. पण ही नोंद विंडोजने नंतर, पुढच्या वेळी सुरू होताना केलेली असते. आधीच्या खेपेला यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही.

इथून पुढे तीन मार्ग आहेत. कुठला धरायचा ते ठरवण्याआधी याच नोंदीचा 'डिटेल्स' टॅब उघडा. बगचेककोड, म्हणजे ब्लू स्क्रीनचा चूक-क्रमांक, शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन आला होता, फक्त डंप जतन झाला नाही. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, तो हेक्समध्ये (16 पायाच्या पद्धतीत) बदलून घ्या: 292 म्हणजे हेक्स 124, म्हणजे हार्डवेअरनेच कळवलेली चूक, 159 म्हणजे हेक्स 9एफ, म्हणजे संगणक स्लीपमध्ये जाताना-उठताना अडकलेला ड्रायव्हर. कोड शून्य असेल, पण पॉवरबटनटाइमस्टॅम्प शून्य नसेल, तर यंत्र हँग झालं होतं आणि कुणीतरी बटण दाबून धरून ते बंद केलं. दोन्ही शून्य असतील तर विंडोजला काही लिहायला उसंतच मिळाली नाही.

| मार्ग | लागणारा वेळ | कधी धरावा | कुठे कमी पडतो |
|---|---|---|---|
| डंप दुरुस्त करणे | अर्धा तास, मग पुढच्या क्रॅशची वाट | ब्लू स्क्रीन दिसतो किंवा कोड शून्य नाही | वीजच तुटत असेल तर |
| ताण-चाचणी | एक रात्र ते दोन दिवस | खेळताना, रेंडर करताना बंद पडतो | मोकळा असताना पडत असेल तर |
| भाग बदलणे | हाताशी भाग असेल तर तासाभरात, मग क्रॅश परत येतो का याची वाट | यंत्र एकदम विझतं, कोड शून्य | भाग विकत घ्यावे लागणार असतील तर |

डंप दुरुस्त करणे

क्रॅशच्या क्षणी विंडोज मेमरीतला मजकूर आधी पेजफाइलमध्ये (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेल्या फाइलमध्ये) ओतते आणि पुढच्या वेळी सुरू होताना त्यातून डंपची फाइल बनवते. त्यामुळे 'एसएसडी झिजू नये' म्हणून कुणी पेजफाइल बंद केली असेल किंवा अगदी लहान ठेवली असेल, तर डंप बनायला जागाच उरत नाही. पेजफाइल सी ड्राइव्हवर 'सिस्टिम मॅनेज्ड' ठेवा. मग सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन 'ऑटोमॅटिक मेमरी डंप' निवडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढा, म्हणजे निळा पडदा वाचता येईल एवढा वेळ थांबेल. त्याच चौकटीत, जागा कमी असताना डंप आपोआप न पुसण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. घरगुती यंत्रात 25 जीबीपेक्षा कमी जागा उरली की विंडोज मोठा डंप स्वतःच काढून टाकते. 'सफाई' करणारी ॲप्सही हेच करतात.

आता सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी. उघडी कामं सेव्ह करा आणि मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातल्या नॉटमायफॉल्ट या साधनाने मुद्दाम क्रॅश घडवा. डंप बनला नाही, तर दोष सेटिंगमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. डंप बनला, तर यानंतरच्या खऱ्या क्रॅशमध्ये डंप न मिळणं हाच पुरावा ठरतो: वीज, प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा डिस्क यांपैकी कुणीतरी विंडोजच्या पायाखालची जमीन काढून घेत आहे. हे तपासल्याशिवाय रिकाम्या फोल्डरवरून कुठलाही निष्कर्ष काढू नये.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हॉल्मगर (volmgr, डिस्कचे विभाग सांभाळणारा विंडोजचा भाग) याच्या नोंदीही बघा. 46 म्हणजे सुरू होतानाच डंपची तयारी फसली. 161 म्हणजे लिहिताना फसली. ब्लू स्क्रीनवरची टक्केवारी 0 वरून हलतच नसेल तर त्या क्षणी एनव्हीएमई डिस्कच (मदरबोर्डवर थेट बसणारी एसएसडी) गायब झाल्याचा दाट संशय घ्यावा. विंडोजमधला लाइव्हकर्नलरिपोर्ट्स फोल्डरही उघडा. ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून पुन्हा सावरल्याचे डंप मिनीडंपमध्ये नसतात, तिथे सापडतात.

लिनक्सवर हे काम सोपं आहे. व्हार-लॉगखाली (/var/log) जर्नल फोल्डर नसेल तर नोंदी फक्त रॅममध्ये राहतात आणि रिस्टार्टबरोबर जातात. तो फोल्डर बनवून जर्नल सेवा पुन्हा सुरू करा. डिस्कच संशयित असेल तर नेटकन्सोल वापरून कर्नलचे संदेश दुसऱ्या यंत्रावर पाठवा.

ताण-चाचणी

सुरुवात रॅमपासून करा, कारण बिघडलेली रॅम कुठल्याही भागाचं सोंग घेते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा आणि काही दिवस तसंच वापरा. क्रॅश थांबले तर रॅम त्या वेगाला स्थिर नाही. ती खराब असेलच असं नाही. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट86 चे 4 फेरे होऊ द्या. एकही चूक माफ नाही. चूक आली तर एकेक पट्टी लावून पुन्हा चालवा.

त्यानंतर प्राइम95 ची 'स्मॉल एफएफटी' चाचणी प्रोसेसरसाठी, आणि ओसीसीटीची पॉवर चाचणी प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोघांना एकदम ओढण्यासाठी. सोबत तापमान आणि व्होल्टेज वाचणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोची नोंद फाइलमध्ये चालू ठेवा. शेवटच्या ओळींत तापमान 100 अंशांच्या आसपास असेल तर कूलर आणि त्याखालची थर्मल पेस्ट बघा. 12 व्होल्टची रेल (एसएमपीएसची मुख्य वीजवाहिनी) 11.4 च्या खाली जाता कामा नये. मात्र ती 12 वर स्थिर दिसते म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. ग्राफिक्स कार्डचे विजेचे झटके काही मिलिसेकंदांचे असतात आणि सेन्सर सहसा दोन सेकंदांनी एकदा वाचतो.

मोकळा असताना पडणाऱ्या यंत्राला या चाचण्या चुकीचा दिलासा देतात. एएमडीच्या सुरुवातीच्या रायझन प्रोसेसरवर अशा वेळी बायोसमधलं 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हे 'टिपिकल करंट आयडल' करून बघावं. इंटेलच्या 13व्या-14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर 2024 मध्ये आलेला 12बी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) असलेला किंवा त्यानंतरचा बायोस आधी टाका. प्रोसेसरची आधीच झालेली झीज मात्र त्याने भरून येत नाही, तिथे वॉरंटीच.

भाग बदलणे

यंत्र विझल्यावर मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय सुरूच होत नसेल, तर एसएमपीएसचं संरक्षण बहुधा ट्रिप होऊन बसलेलं आहे, म्हणजे त्याने स्वतःच वीज तोडली आहे. अशा वेळी हा मार्ग आधी धरावा, पण खरेदीपूर्वी फुकटचे उपाय करून. ग्राफिक्स कार्डचा प्लग शेवटपर्यंत बसला आहे का? एकाच केबलच्या दोन तोंडांऐवजी दोन वेगळ्या केबल लावता येतात का? एक्सटेन्शन काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून पाहिलं का? एसएमपीएस बदलताना जुन्याच्या मॉड्युलर केबल नव्याला लावू नका. तोंड बसतं, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळतात.

एका वेळी एकच भाग बदला, आणि दोन क्रॅशमधल्या नेहमीच्या अंतराच्या किमान तिप्पट काळ थांबा. दहा दिवसांनी पडणारं यंत्र आठवडाभर नीट चाललं म्हणून बदललेला भाग दोषी ठरत नाही. तिथे महिना लागतो. रोज पडणाऱ्या यंत्राला तीन-चार दिवस पुरतात, म्हणून बदलाबदलीचा हा मार्ग त्याच यंत्रांना खरा परवडतो.