क्यूटीचं टेबल व्ह्यू: आठ महिने वापरल्यावर

क्यूटी ही खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायची लायब्ररी. तिचं टेबल विजेट (डेटा स्वतःतच साठवणारं तयार टेबल) सोडून टेबल व्ह्यू (नुसतं दाखवणारं टेबल) आणि स्वतःचं मॉडेल (डेटा सांभाळणारा कोड) यावर आलो त्याला आठ महिने झाले, आणि हे सगळं घडलं एका स्वल्पविरामामुळे. स्क्रीनवर १२५० ऐवजी १,२५० दिसू दे एवढीच मागणी होती, मी सेलच्या टेक्स्टमध्ये स्वल्पविराम घातला आणि मोकळा झालो. पण खालची बेरीज सेलचं टेक्स्टच परत वाचून व्हायची, आणि अशा स्ट्रिंगवर टू-इंट (टेक्स्टचा आकडा करून देणारं फंक्शन) चालवलं की शून्य मिळतं. एरर नाही, क्रॅश नाही, हजाराच्या आतले आकडे बरोबर मोजले जातायत आणि मोठे सगळे गायब! चार दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही.

टेबल विजेटच्या आयटममध्ये डिस्प्ले रोल आणि एडिट रोल एकच धरलेत, म्हणजे दाखवायचं ते आणि साठवायचं ते एकाच डब्यात. मॉडेल आणि व्ह्यू वेगळे ठेवायची कल्पना संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्सकॉग यांनी झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७९ सालीच मांडली होती, तरी हातातलं काम उरकायच्या नादात आपण ग्रिडलाच डेटा समजून बसतो.

पहिला महिना नुसता वैताग. रो काउंट, कॉलम काउंट, डेटा, ही सगळी फंक्शनं आपणच लिहायची, आणि ‘बिगिन इन्सर्ट रोज’ (beginInsertRows) हे फंक्शन न बोलावता लिस्टमध्ये ओळ घातली तर व्ह्यूला पत्ताच नाही. तेव्हा मी याला दोन स्टार दिले असते. मग एकाच मॉडेलवर दुसऱ्या खिडकीत अजून एक टेबल लावलं, इकडे आकडा बदलला की डेटा चेंज्ड सिग्नल जातो आणि तिकडचा आपोआप बदलतो, त्यासाठी एक ओळही जास्तीची लिहावी लागली नाही, आणि माझा राग तिथेच उतरला.

पण एक गोष्ट मला अजून खुपते. मॉडेल आणि व्ह्यूच्या मध्ये बसून ओळी लावणाऱ्या-गाळणाऱ्या सॉर्ट फिल्टर प्रॉक्सी मॉडेलचा सॉर्ट रोल डीफॉल्टला डिस्प्ले रोल असतो! मी एवढी मेहनत करून आकडा वेगळा आणि दिसणं वेगळं केलं, आणि सॉर्ट करताना हा परत दिसणाऱ्या टेक्स्टकडेच बघतो, त्यामुळे १,२५० हे ९८० च्या आधी येतं. सेट सॉर्ट रोलला एडिट रोल दिला की सुटतं, एकच ओळ आहे, पण ती कळेपर्यंत माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि मी माझ्याच मॉडेलवर संशय घेत बसलो. डीफॉल्ट बदलायलाच हवा असं माझं आजही ठाम मत आहे.

फिल्टर रोलचंही तसंच आहे, तोही डिस्प्ले रोलच, आणि त्यावरही मी तितकाच चिडलो होतो. तिथे मात्र मत बदललंय. शोधणारा माणूस १,२ असंच टाइप करतो, कारण त्याला समोर तेच दिसत असतं. तो रोल मी आहे तसाच ठेवलाय.