जुनी गाडी: नुसती पेट्रोल की सीएनजी लावलेली?

आम्ही दोघे बडोद्याच्या दांडिया बाजारातले. मेव्हण्यांना रोज हालोल गाठायचं, म्हणून त्यांनी सीएनजीवाली घेतली, ते बरोबरच. मी पेट्रोल. दोन वर्षांत मोठा खर्च एकच: क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग मिळून साडेसहा हजार. पुलावर चढताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी सरकेना, तेव्हाच कळलं.

सीएनजीत क्लच आहेच, वर बाकीचं. गॅस कोरडा, पेट्रोलसारखा इंजिनच्या व्हॉल्व्हला थंडावा देत नाही. व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट झिजल्या की इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवायचं, ते क्लचपेक्षा महाग. गॅसच्या टाकीची दर 3 वर्षांनी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. आरसीत सीएनजीची नोंद नसेल तर सौदाच नको. डिकीचं तर विचारूच नका, तिथे टाकीच बसलेली, दिवाळीत फराळाचे डबे ताईच्या मांडीवर.