सोलिंगेनचा म्हणून गळ्यात मारलेला पत्रा

जर्मनीतल्या सोलिंगेनचा म्हणून मी ऑनलाइन घेतलेला दाढीच्या वस्तऱ्याचा सेट खोटा निघाला. आकडे आधी लिहितो, कारण हाच सेट कोल्हापुरात अजून विकला जातोय. वस्तरा ४,८५०, वस्तरा घासून घ्यायचा चामड्याचा पट्टा १,२५०, '१२,००० ग्रिट'चा (आकडा मोठा तितका दगड बारीक) धारेचा दगड १,६००, 'दाढीला तयार' धार लावून देण्याचे ४०० आणि कुरिअरचे १२०. एकूण ८,२२० रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयवरून. पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर, म्हणून बिल नाही. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं.

पद्धत नेहमीचीच. 'जुना जर्मन स्टॉक, न वापरलेला, मोजकेच नग शिल्लक', लाकडी डबीत मखमलीवर ठेवलेल्या वस्तऱ्याचे फोटो, आणि फोनवर गोड बोलणारा माणूस: "दादा, डोळे झाकून घ्या, कोल्हापूरकर कोल्हापूरकराला फसवत नाही." राहायला राजारामपुरीत म्हणे, पण वस्तू प्रत्यक्ष दाखवणार नाही, कुरिअरनेच येणार. आणि किंमत संशय यावा इतकी स्वस्त नव्हती. दीड हजाराला 'जर्मन' म्हणाला असता तर कुणीही फोन ठेवला असता. ४,८५० हा आकडा विचार करून काढलेला आहे.

खरा राग येतो तो व्हिडिओचा. धार लावतानाचा व्हिडिओ त्याने स्वतःहून पाठवला होता, आणि त्यात वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, दगडावरून उचललेली होती. चांगली बोटभर. वस्तऱ्याची धार सुरीसारखी अंदाजाने कोन धरून लावत नाहीत. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली पाहिजेत. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतूनच कोन ठरतो, हाताला त्यात काही करायचं नसतं. जो माणूस पाठ उचलतो त्याला एक तर वस्तऱ्यातलं काही कळत नाही, किंवा पाठ टेकवून धार लागतच नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. कॅमेरा वरून होता, उचललेली पाठ सावलीत गेली होती, आणि पुढच्याच क्षणी तो कागद सर्रकन कापून दाखवतो. नजर कागदावर जाते. जाणारच. पण कागद भाजीची सुरीही कापते. पाहायचं ते हे: पातं कातडीला न टेकवता, हाताच्या केसांच्या मधोमध हवेतून फिरवलं तर केस तुटतात का.

आता मालाचं. '६/८' म्हणजे पाऊण इंच, साधारण १९ मिलिमीटर रुंद पातं. रुंदी बरोबर होती. पण अशा पात्याची पाठ पाच-साडेपाच मिलिमीटर जाड लागते, तेव्हा कोन १५ ते १७ अंशांच्या आसपास येतो. या वस्तऱ्याची पाठ कॅलिपरवर ३.१ मिलिमीटर भरली. हिशेब केला तर कोन जेमतेम ९ अंश. इतकी पातळ धार पहिल्याच दाढीत चुरते. म्हणून हे लोक पाठ उचलून सुरीसारखी दुसरी जाड धार काढतात आणि 'तयार' म्हणून ४०० रुपये लावतात.

तपासायला मार्कर पेन पुरतो. धारेच्या दोन्ही बाजूंनी शाई लावा, पाठ टेकवून दगडावर हलक्या हाताने एकदाच ओढा आणि भिंगातून पाहा. नीट धार बसवलेल्या वस्तऱ्याची शाई अगदी काठापर्यंत, टाचेपासून (पात्याची मुठीकडची बाजू) टोकापर्यंत सारखी जाते. इथे शाई काठाच्या वरच्या भागावरून गेली आणि काठाजवळच्या शेवटच्या केसभर पट्टीवर जशीच्या तशी राहिली. दुसऱ्या बाजूला ती फक्त टाचेकडून गेली, म्हणजे पातं पिळलेलंही होतं. मिटताना धार मुठीच्या एका फळीला घासत होती, ते याचमुळे.

लोहचुंबक लावून बघू नका, त्यातून काही कळत नाही. वस्तऱ्याचं स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं. कार्बन पोलाद ओळखायचं तर मुठीजवळच्या दांड्यावर लिंबाचा एक थेंब ठेवा, थोड्या वेळात करडा डाग पडतो. इथे डाग पडला नाही. अर्थात जर्मनीत स्टेनलेसचे चांगले वस्तरेही झालेत, तेव्हा एवढ्यावरून खोटा ठरत नाही. पण 'जुनं कार्बन पोलाद' सांगून स्टेनलेस दिलं, एवढं यातून नक्की होतं.

आणि ते नाव. सोलिंगेन हे गाव आहे, कंपनी नाही. जर्मनीत १९३८ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. तिथल्या भागात न बनलेल्या पात्यावर ते घालता येत नाही. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तसंच. जुन्या वस्तऱ्यांवर नाव ठोकलेलं असतं आणि मागे बहुधा बनवणाऱ्याची खूणही असते. इथे लेझरने कोरलेलं गुळगुळीत करडं 'सोलिंगेन जर्मनी', बनवणाऱ्याचा पत्ताच नाही. कुठल्या कारखान्याचा, हे विचारा. उत्तरात पुन्हा 'सोलिंगेन'च आलं तर फोन ठेवा.

पट्टा रेक्झिनचा. पाण्याचा थेंब टाका: झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं पाणी पितं आणि गडद होतं, प्लास्टिकच्या थरावर थेंब मण्यासारखा उभा राहतो. चपलांच्या गावात १,२५० रुपयांना रेक्झिन! तीन इंच रुंद, वीस इंच लांब, सालीत कमावलेल्या चामड्याची पट्टी इथल्या कारागिराकडून कापून घेता येते. मात्र तळव्याचं जाड, कडक चामडं नको. वरचा गुळगुळीत थर पाहिजे, त्यावर कुठेही घडी किंवा ओरखडा नको. मागे जाड सुती कापडाची पट्टी. आधी कापडावर तीसेक फेऱ्या, मग चामड्यावर साठेक. पट्टा ताणलेला, हात हलका, पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पाठीवरूनच वळवायचं. धारेवरून वळवलं तर पट्टाही कापला जातो आणि धारही दुमडते.

दगडाची गोष्ट छोटी आहे. १२,००० चा दगड पोलादाला आरशासारखी चकाकी देतो, याने साध्या डोळ्यांना दिसतील असे ओरखडे दिले. चांगल्या वस्तऱ्याला नवशिक्याने १,००० चा दगड लावायचाच नसतो. धार मंदावली की १२,००० वर दहा-पंधरा हलके हात पुरतात. आणि सायकलवरच्या धारवाल्याकडे वस्तरा चुकूनही देऊ नका. चाकावर पातं तापून निळसर झालं की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, ती धार पुन्हा टिकत नाही.

आता आपल्या यंत्रणा. ठाण्यात पहिला प्रश्न: "आठ हजाराचा वस्तरा? कशाला?" दुसरा: "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, ही दिवाणी बाब." हेल्पलाइनवर तेच, वस्तू पोहोचली म्हणजे सायबर गुन्हा नाही. पैसे पाठवायच्या ॲपकडून उत्तर आलं की व्यवहार तुम्हीच पिन टाकून मंजूर केला. अहो, मंजूर केला म्हणूनच तर पैसे गेले! बँक म्हणते ॲपला विचारा, ॲप म्हणतं बँकेला विचारा. एका पोर्टलवर तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, आणि 'विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही' एवढा शेरा मारून ती बंदही झाली. विक्रेता प्रतिसाद देत नाही हीच तक्रार होती! खोटा शिक्का मारून माल विकणं हा गुन्हा आहे, हे सांगायला गेलं की समोरचा माणूस आपल्याच दाढीकडे बघतो. आठ हजार ही रक्कमच अशी आहे की तिच्यासाठी कुणी खुर्चीतून उठत नाही, आणि हे विकणाऱ्यालाही माहीत आहे.

राहतो जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि चॅट चालतात. विक्रेत्याने '५०० परत देतो, तेवढा रिव्ह्यू काढा' असंही लिहून पाठवलंय. तो मेसेज पुसलेला नाही, जपून ठेवलाय.

शिकायचं असेल त्याने आधी सलूनमधल्यासारखा, अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा दोन-तीनशे रुपयांत घ्यावा. कोन साधारण ३० अंश, मोकळ्या हाताने कातडी ताणलेली, केसांच्या दिशेने इंचभराचे हात. सुरुवातीला फक्त गाल. हनुवटी आणि ओठावरचा भाग साध्या रेझरवर सोडा. पातं आडवं सरकलं की कापतं, दाबल्यावर तर कापतंच. कार्बनचा वस्तरा आपल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये ठेवला तर दोन दिवसांत गंजाचे ठिपके येतात. पुसून, वाळवून, मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून बाहेर ठेवायचा.

आणि ज्यांचं पार्सल आत्ताच आलंय त्यांनी वस्तरा दगडाला लावू नका. पाठीची जाडी मोजून कॅलिपरसकट फोटो काढा, शिक्क्याचा काढा, मिटलेल्या पात्याचा काढा. मार्करची चाचणी त्यानंतर, आणि तीसुद्धा व्हिडिओ चालू ठेवून. दगडाचा एक जरी ओरखडा दिसला तरी विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: "धार तुम्हीच घालवली, दादा."