बीटी कपाशीतील आश्रय ओळी: कडेला की पिशवीतच?

बीटी कपाशीवर (जिवाणूच्या जनुकामुळे बोंडअळीला मारक विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीवर) तगलेल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांना मीलनासाठी बिगर-बीटी झाडांवरचे संवेदनशील (म्हणजे त्या विषाने मरू शकणाऱ्या अळ्यांचे) पतंग मिळाले, तर किडीत बीटीविरुद्धची प्रतिकारशक्ती हळू वाढते. म्हणून बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे वेगळे ‘नॉन-बीटी’ पाकीट दिले जात असे. कडेने त्याच्या पाच ओळी, म्हणजे संवेदनशील अळ्यांसाठी ‘आश्रय’, लावण्याची ही पद्धत शास्त्राला धरून होती, पण बहुतेकांनी ते पाकीट पेरलेच नाही, आणि अळी पोसण्यासाठी जमीन अडकवणे कोरडवाहू शेतकऱ्याला जड जाते, हेही समजून घ्यायला हवे. २०१७ मध्ये विदर्भात बोंड फोडले की पोखरलेली सरकी आणि आत गुलाबी अळी सर्रास दिसत होती.

बियाणे पिशवीतच मिसळले की आश्रय आपोआप पेरला जातो, हा दुसऱ्या पर्यायाचा मोठा गुण. मात्र परपरागीभवनामुळे बिगर-बीटी झाडाच्या बोंडातही काही सरकी बीटी होते, त्यामुळे तिथल्या संवेदनशील अळ्याही मरतात आणि आश्रयाचा उपयोग घटतो. तरीही न पेरलेल्या उत्तम पट्ट्यापेक्षा पेरलेले मिश्रण मला अधिक भरवशाचे वाटते; चीनच्या यांगत्झे खोऱ्यात संकरित बीटी कपाशीच्या दुसऱ्या पिढीच्या बियाण्यातून (त्यात काही बी बिगर-बीटी निघते) असेच मिश्रण शेतात आले आणि याच अळीची प्रतिकारशक्ती ओसरली.