राऊटर टेबल मस्त आहे, पण आधी स्विच बदला

आमचं पंचवटीत देवघरं आणि मोल्डिंगचं काम चालतं, सागवान जास्त, थोडं एमडीएफ. दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर हातातला राऊटर (लाकडाच्या कडेला नक्षी-खाचा पाडायचं मशीन) चालवायचा म्हणजे जिवावरचं काम, म्हणून राऊटर खालून उलटा टांगायचं हे छोटं बेंचटॉप टेबल ऑनलाईन मागवलं. अशाच बनावटीची टेबलं वेगवेगळ्या नावांनी विकतात, त्यामुळे नावाला अर्थ नाही, तुम्ही कुठलंही घ्या, खालचं बघूनच घ्या.

चांगलं आधी सांगतो. प्लेट एकदम सपाट आहे, पट्टी ठेवून उजेडात बघितली. प्लेटच्या भोकात बसणाऱ्या इन्सर्ट रिंगा तीन दिल्यात आणि त्या खरंच वापरा, बीटपेक्षा (राऊटरचं फिरतं पातं) जरासंच मोठं भोक राहील अशी रिंग लावायची, नाहीतर बारीक तुकड्याचं टोक त्या खड्ड्यात उतरतं आणि झटका बसतो. स्टार्टर पिन, म्हणजे बीटशेजारची लाकूड टेकवायची खुंटी, पण आहे. देवघराच्या कमानीला फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची सरळ आडपट्टी) लागत नाही, तिथे बेअरिंगवाला बीट लावून लाकूड आधी पिनला टेकवायचं आणि मग हळूच बीटवर घ्यायचं, या पिनशिवाय कमान करूच नका.

आता स्विच. टेबलवर राऊटरचं स्वतःचं बटण लॉक करून ठेवावं लागतं आणि चालू-बंद टेबलच्या स्विचवरून. सोबत आलेला स्विच साधा आहे, म्हणजे लाईट गेली आणि आली की राऊटर आपोआप सुरू. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कशी ये-जा करते माहितीये ना, त्या मधल्या वेळात कोणी बीटजवळचा भुसा हाताने काढत असेल तर? नो-व्होल्ट स्विच बसवा, लाईट आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. तोपर्यंत टेबल चालवूच नका असं माझं स्पष्ट मत. आणि बीट बदलताना प्लगच काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

फेदरबोर्ड, म्हणजे लाकूड दाबून धरणारी दातेरी फळी, दिलेला नाही, गार्ड आहे तो पातळ प्लास्टिकचा. फेदरबोर्ड प्लायचा घरी बनतो, एक वरून दाबायला आणि एक बाजूने, मग पट्टी उडत नाही आणि हात लांब राहतात. शेवटचा भाग पुश ब्लॉकने ढकला.

सगळ्यात महत्त्वाचं, दिशा. जुन्या मिस्त्रींची सवय हातातल्या राऊटरची, जवळच्या कडेला डावीकडून उजवीकडे. टेबलवर राऊटर उलटा टांगलेला असतो, वरून बघितलं तर बीट घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून फेन्ससमोर उभं राहून लाकूड उजवीकडून डावीकडेच न्यायचं. उलट नेलं की बीट लाकूड ओढून घेतो आणि मागोमाग हात जातो. आम्ही टेबलवर मार्करने मोठा बाण काढलाय, नवीन पोरगा आला की आधी तो दाखवतो. फेन्स आणि बीटच्या मधल्या फटीतून पट्टी कधीच घालायची नाही, ती गोळीसारखी सुटते.

एका दमात खोल काढायची घाई पण नको, सागवानात मी तीन मिलीमीटरच्या आसपास घेतो, दोन-तीन फेऱ्या जास्त गेल्या तर जाऊ द्या. चारही कडा करायच्या असतील तर लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या कडा आधी, रेषांच्या दिशेच्या नंतर, म्हणजे कोपऱ्याची ढलपी निघाली तरी पुढच्या फेरीत साफ होते. बीटचा दांडा कोलेटमध्ये (बीट पकडणारी चिमट्यासारखी नळी) तळाला टेकवून नट आवळू नका, दोनेक मिलीमीटर वर उचलून मग आवळा. आणि स्पीड, लहान बीटला २२,००० आरपीएम चालतं पण ७५ मिमीच्या पॅनल बीटला १०,००० ते १२,००० च्या वर नेऊ नका, बाहेरच्या टोकाचा वेग भयंकर वाढतो. मोठ्या बीटवर कमाल आरपीएम बहुतेक छापलेला असतो, तो वाचा. आपला राऊटर सिंगल स्पीड असेल तर मोठा बीट घेऊच नका.

हातमोजे नकोत, लूज बाही नको, चष्मा आणि कानाला मफ हवेच. धूळ ओढायला फेन्समागे पाईपचं तोंड दिलंय, व्हॅक्युम जोडला तर बऱ्यापैकी ओढतं, तरी एमडीएफला मास्क घालाच, लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींमध्ये धरलेली आहे.

पाचपैकी साडेतीन स्टार. स्विच चांगला दिला असता तर साडेचार दिले असते. ऑर्डर करायच्या आधी आपल्या राऊटरच्या बेसची भोकं प्लेटशी जुळतात का ते विचारून घ्या, आमच्या प्लेटला नवीन भोकं पाडावी लागली, ती अंबडला फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रिल करून घेतली.