तोतया अधिकाऱ्याची शिक्षा: आणखी वाढवायची, तर कुठल्या कलमात?

तोतया पोलिसाने कुणाला लुटलं की ‘शिक्षा वाढवा’ ही मागणी ठरलेली. ती वाढून झाली आहे, १ जुलै २०२४ पासून. आता आणखी वाढीच्या बाजूने उभं राहायचं का, हे ठरवण्याआधी जुनं-नवं शेजारी ठेवून बघा.

भारतीय दंड संहितेच्या कलम १७० मध्ये जास्तीत जास्त २ वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी सोय होती. नुसत्या दंडावरही सुटका व्हायची. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ मध्ये किमान ६ महिने, कमाल ३ वर्षं आणि वर दंड. चर्चा ३ वर्षांची होते, पण खरा बदल त्या ६ महिन्यांचा आहे. टोल चुकवायला ‘मी क्राइम ब्रँचचा’ म्हणणारा आणि खोटा छापा घालून घर साफ करणारा, दोघेही दोषी ठरले तर ६ महिन्यांच्या खाली कुणालाच सूट नाही. शिवाय कमाल शिक्षा २ वर्षांच्या वर गेल्यामुळे खटला सुटसुटीत समन्स पद्धतीऐवजी जास्त टप्प्यांच्या वॉरंट पद्धतीने चालतो. आरोपनिश्चिती आली, त्याआधी आरोपमुक्तीचा अर्ज आला, म्हणजे तारखाही आल्या. अजामीनपात्र तर हा गुन्हा आधीपासूनच आहे.

‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांसाठी २०४ वाढवा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. व्हिडिओ कॉलवर सीबीआयचा साहेब बनून पैसे उकळणाऱ्यावर फसवणुकीचं ३१८(४) लागतं, त्यात ७ वर्षांपर्यंत कैद आहे. २०४ मधली ३ ची ५ केली तरी त्याला काय फरक पडतो? तो सापडतच नाही, ही अडचण आहे. पैसे भाड्याच्या खात्यांतून फिरतात, फोन अनेकदा देशाबाहेरून येतो.

दुर्लक्षित राहिलं ते २०५, म्हणजे लोकांना लोकसेवक वाटावं या हेतूने गणवेश घालणं किंवा ओळखचिन्ह बाळगणं. इथे दंड २०० वरून ५,००० रुपयांपर्यंत गेला, कैद मात्र ३ महिनेच राहिली, आणि गुन्हा जामीनपात्र. २०४ लावायला नुसती थाप पुरत नाही, त्या पदाच्या आडून काही केलेलं किंवा करू पाहिलेलं असावं लागतं. म्हणजे बनावट ओळखपत्र आणि वर्दीसह कुणी वसुलीआधीच पकडला गेला, तर बहुधा हातात २०५ च उरतं.

म्हणून निवेदनावर सही करायचीच असेल, तर २०५ ची कमाल मर्यादा वाढवा म्हणणाऱ्यावर करा. त्यात किमान शिक्षेची ओळ घुसवलेली असेल, तर ती आधी खोडायला लावा.