अंटार्क्टिकाचा वॉल मॅप: नावं झकास, पण पठाराची उंची कुठे गेली?

नेहमीच्या जगाच्या नकाशात अंटार्क्टिका म्हणजे तळाला ताणलेली पांढरी पट्टी, त्यातून काहीच कळत नाही, म्हणून हा खास अंटार्क्टिकाचा लॅमिनेटेड वॉल मॅप घेतला. दक्षिण ध्रुव बरोब्बर मधे आहे, त्यामुळे पूर्व भागातलं ते अवाढव्य बर्फाचं पठार एकदाचं नीट दिसतं.

नावांचं काम खरंच मस्त केलंय. जानेवारी १९०९ मधे ब्रिटिश शोधप्रवासी शॅकल्टन ८८ अंश २३ मिनिटं दक्षिण अक्षांशापर्यंत पोचला आणि पठाराला ब्रिटनच्या सातव्या एडवर्डचं नाव देऊन मागे फिरला, मग डिसेंबर १९११ मधे नॉर्वेचा अमुंडसेन थेट ध्रुवावर गेला आणि त्याने त्याच पठाराला नॉर्वेच्या सातव्या हाकोनचं नाव दिलं. हरकत घ्यायला तिथे माणूसच नव्हता म्हणा! नकाशात ही दोन्ही नावं फिकट अक्षरात सालासकट दिलीत आणि वर ठळक पोलर प्लॅटो, हे मला फार आवडलं, बाकीचे नकाशे एकच नाव ठेवून मोकळे होतात.

आता तक्रार. अख्खं पठार एकाच पांढऱ्या रंगात! ध्रुवाची उंची २८३५ मीटर आणि पठारावरचा सर्वात उंच भाग डोम ए ४००० च्या वर, एवढा फरक असून ना कंटूर (समान उंचीच्या रेषा) ना शेडिंग. डोम सी, डोम फुजी ही नावं छापलीत पण हे डोम म्हणजे डोंगर नाहीत, बर्फालाच आलेला फुगवटा आहे, चढ इतका हळू की वर उभं राहूनही कळणार नाही, मग तो नकाशानेच दाखवायला नको का? किनाऱ्याकडे सुटणारे ते भयंकर वारे या उंचीवरूनच घरंगळतात, आणि व्होस्तोक या रशियन संशोधन तळावर १९८३ मधे उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं त्यातही ३४८८ मीटर उंचीचा हात आहेच. ध्रुवावर तर जवळपास २७०० मीटर नुसता बर्फ, म्हणजे खालचा खडक समुद्रसपाटीच्या आसपासच, कोपऱ्यात एक छोटा उभा छेद दिला असता तरी भागलं असतं. डोम ए खाली गाडल्या गेलेल्या गॅम्बुर्त्सेव्ह पर्वतरांगेचं तर नावही नाही.

प्रिंट सुरेख, बारीक अक्षरंही वाचता येतात. लॅमिनेशन फार चकाकतं, खिडकीसमोर लावू नका. पाचपैकी साडेतीन, नावांसाठी घ्यायचा तर बिनधास्त घ्या, भूगोल शिकवायला हवा असेल तर कंटूरवाला दुसरा बघा.